सतरा नंबरचा तुकडा

मी झाडं खरी मोजली म्हणून माझ्या मेहुण्यानं मला नोकरीवरून काढलं.

कामच तसं होतं. जंगलात तुकडे आखलेले. दर पाच वर्षांनी त्यातल्या प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर फीत गुंडाळायची आणि घेर लिहायचा. त्यावरून झाडानं किती कार्बन साठवला ते काढतात, नकाशात रंग भरतात. जास्त कार्बन, जास्त हिरवा. बावीस वर्षं मी हेच केलं. मग मेहुणा साहेब म्हणून आला आणि त्याच वर्षी वादळानं सतरा नंबरच्या तुकड्यातली सगळी, त्रेचाळीस झाडं आडवी केली. मी तसं लिहिलं. साहेबांनी पानं उलटलीच नाहीत, थेट शेवटची बेरीज पाहिली.

"कमी कशी? जंगल वाढतं की आटतं?"

"यंदा आटलंय, साहेब."

त्यानं शेरा मारला : मोजणी बेभरवशाची. मला घरी बसवलं आणि स्वतः पंख्याखाली बसून जुन्या आकड्यांत झाडामागे चार सेंटिमीटर मिळवले. सतरा नंबरची झाडं मुळातच जाडजूड. नकाशावर तो तुकडा इतका हिरवागार झाला, की बाहेरून आलेल्या तपासनीस बाईंनी नेमका तोच बघायला मागितला.

आठ महिन्यांत पहिल्यांदाच मेहुणा आमच्या घरी आला. हातात फळांची पिशवी.

"भाऊजी, सतरा नंबरला कुठून जायचं हो?"

रस्ताही ठाऊक नव्हता!

"मी नेतो ना, दादा." कचेरीत साहेब असला, तरी घरी तो दादाच.

"झाडं बरी आहेत ना तिथली?"

एका वाक्याचं काम होतं. बायकोनंही माझ्याकडे पाहिलं. शेवटी तिचा सख्खा भाऊ.

"मी काय सांगणार? माझी मोजणी बेभरवशाची."

बायको आत गेली आणि चहा घेऊन आली. एकच कप. तो तिनं माझ्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाईंना घेऊन सतरा नंबरला पोचल्यावर मेहुण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"वादळ परवाच झालेलं दिसतंय," तो म्हणाला.

बाईंनी खोडाला बोट लावलं. भुसा झालेली साल हातात आली, अळंब्यांसकट.

"नऊ नंबरचं झाड चार सेंटिमीटर वाढलंय म्हणता. दाखवा मोजून."

फीत खोडाखालून घालायला साहेब पोटावर झोपले. तिथं मुंग्यांची वस्ती होती. बाईंनी मला विचारलं, "आधी कुणी मोजलं होतं?" माझ्या पानांची शेऱ्यासकट प्रत माझ्या पिशवीतच होती. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, मेहुण्याचा शेरा खोडला आणि खाली सही केली.

"पुरे आता," त्या म्हणाल्या. "आलं लक्षात."

"असं कसं, बाई? नियम आहे. तुकड्यातलं प्रत्येक झाड मोजावं लागतं."

"भाऊजी, निदान टोक तरी धरा!"

"वही कोण धरणार मग? हं, दहा नंबर. घेर बोला. मोठ्यानं, साहेब, ऐकू येत नाही."

माझे कान उत्तम आहेत.