भगवंतरावांचा जर्मनचा डबा

मी एक जुना जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा आहे. कडी तुटलेली, बूड पोचलेलं, पण आवाज मात्र अजून खणखणीत! हसू नका, मित्रांनो. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात भगवंतरावांची शिदोरी नेण्याचा मान माझा होता. कपाशीच्या धुऱ्यावर, बांधावर बसून माझं झाकण उघडलं, की ठेच्याचा वास शेजारच्या वावरापर्यंत जायचा.

मला भरायच्या त्यांच्या पत्नी, जमुनाबाई. मी घरी राहिलो, की दारातून ओरडायच्या, "अवो, डबा राह्यला ना!" उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. तशी रीतच होती.

भगवंतराव वारले आणि मी माळ्यावर गेलो. मला कोणी विचारलं नाही. फार वाईट वाटायचं.

मग नातू झाला. मुलगा गजेंद्र अकोल्याला नोकरीला, सून प्राजक्ता बाळाला घेऊन गावी. बारशाला बाळाचं नाव आजोबांचंच ठेवलं, भगवंत. माळ्यावर मी आनंदाने थरथरलो.

बाळ नऊ महिन्यांचं झालं, तेव्हा अंगणवाडीच्या आशाबाई घरी आल्या. त्यांनी मागून हाक मारली, "भगवंत! ए भगवंत!" बाळ आपलं चटईची काडी उपसण्यात दंग. आशाबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "या वयात नावानं हाक मारली की लेकरू वळते. अकोल्याले कान दाखवून आणा बरं."

त्या गेल्या आणि प्राजक्ताचे डोळे भरून आले. ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, याले आयकू येत नसन का हो?"

"थांब वं माय, रडू नको," म्हणत जमुनाबाई माळ्यावर हात घालू लागल्या. आवाज करायला काहीतरी हवं होतं, अन् हाती लागलो मी! त्यांनी माझ्यात मूठभर तूर टाकली, दाणे लेकराच्या तोंडात जाऊ नयेत म्हणून झाकण करकचून बांधलं आणि बाळाच्या पाठीमागे मला वाजवलं.

बाळ गर्रकन वळलं!

डावीकडे वाजवलं, डावीकडे. उजवीकडे वाजवलं, उजवीकडे. मला पदराखाली लपवलं, तर पठ्ठ्याने पदरच ओढला. मी सापडल्यावर काय खिदळला! मला आपटलं, उलटं केलं, आत काय बोलतंय म्हणून कान लावला. इतक्या कुतूहलाने माझ्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"आयकू तर येते बाप्पा! मंग नावाले काहून वळत नाही?" जमुनाबाई म्हणाल्या.

प्राजक्ता हळूच बोलली, "आत्याबाई, त्या नावानं आपण त्याले हाक मारली तरी कवा? तुमी राजा म्हणता, मी पिल्लू म्हणतो, हे फोनवर दादू म्हणतात. मामाजीचं नाव सुनेनं कसं घ्यावं?"

जमुनाबाई खाली बसल्या. बराच वेळ मला कुरवाळत राहिल्या. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "भगवंता..."

बाळाला काही कळलं नाही. माझ्या अंगावर मात्र काटा आला.

त्या दिवसापासून आमचा खेळ सुरू झाला. मला पदराआड घ्यायचं, "भगवंता, कुक!" म्हणायचं आणि वाजवायचं. अकोल्याच्या डॉक्टरांनी कान ठणठणीत असल्याचं सांगितलं, तरी खेळ थांबला नाही. एके सकाळी मी कोपऱ्यात गप्प पडलो होतो. चुलीपाशी भाकर थापता थापता जमुनाबाईंनी हाक मारली, "भगवंता!" आणि बाळाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसल्या, अन् मग पिठाच्या हातांनीच डोळे पुसू लागल्या.

मित्रांनो, घरात तान्हं बाळ असेल तर माझ्यासारखा एखादा पोचलेला डबा माळ्यावरून काढा. बाळापाशी बसा, डबा वाजवा, लपवा, पुन्हा काढा. आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारा, तोंडभरून मारा. माझ्या धन्याला जमुनाबाईंच्या तोंडून ही हाक जन्मात ऐकायला मिळाली नाही. मिळाली असती, तर वावराच्या वाटेवरून तेही असेच वळले असते.