ताईच्या पसंतीची खुर्ची

नवी खुर्ची धाकटीला मिळणार, असं आईने जेवताना सांगितलं आणि थोरलीचा घास तोंडातच राहिला. "अरे वा," ती म्हणाली खरी, पण त्यात काही दम नव्हता.

दोघी बहिणींना स्नायूंचा एकच आजार आणि दोघी बॅटरीच्या खुर्चीत. थोरली सात वर्षांनी मोठी, त्यामुळे सगळं तिला आधी. आजार आधी, खुर्ची आधी, कुरिअरच्या ऑफिसात फोन घ्यायची नोकरी आधी, आणि फुटबॉलही आधी. हो, फुटबॉल, आणि तोही खुर्चीत बसूनच. बंद हॉलच्या लाकडी जमिनीवर चौघं विरुद्ध चौघं, पायांपुढे लोखंडी जाळी आणि चेंडू नेहमीपेक्षा मोठा. तो जोरात मारायचा तर खुर्ची जागच्या जागी गर्रकन फिरवून जाळीचा कोपरा त्याच्यावर हाणायचा. थोरली हे असं काही करायची की प्रशिक्षकांनी तिचं नावच फिरकी ठेवलं होतं. सहा वर्षं त्या हॉलमध्ये फिरकी म्हणजे तीच.

धाकटी आली गेल्या वर्षी. तिला शिकवलं कोणी? थोरलीनेच. आणि ती पोरगी अशी काही तयार झाली की प्रशिक्षक तिला आधी छोटी फिरकी म्हणायला लागले, आणि बघता बघता त्यातलं 'छोटी' गळून गेलं. परवा त्यांनी "फिरकी, पुढे ये" अशी हाक मारली. थोरली तोऱ्यात पुढे गेली, तर ते बघत होते धाकटीकडे. सगळ्यांच्या देखत तिला गुपचूप मागे यावं लागलं. घरी तिने यातलं अक्षर काढलं नाही. सांगणार तरी काय?

आणि आता ही खुर्ची. थोरली सहा वर्षं घरच्या खुर्चीलाच जाळी बांधून खेळत आली होती. हा खेळ चालवणाऱ्या संस्थेने खेळासाठी खास बनवलेली एकच खुर्ची मंजूर केली आणि नाव लागलं धाकटीचं. जन्मभर धाकटीने ताईचे उतरलेले फ्रॉक घातले, ताईची दप्तरं वापरली, कधी हूं की चूं केलं नाही. नवं ते ताईचं, असा घरचा कायदाच होता. तो कायदा आज कोणी न विचारता मोडला, आणि थोरलीचा नुसता तिळपापड झाला.

त्यात कहर म्हणजे खुर्ची निवडायला जायचं तिनेच. धाकटीचं ताईशिवाय पान हलत नसे. चपला कुठल्या, चष्म्याची फ्रेम कुठली, मैत्रिणीच्या मेसेजला उत्तर काय द्यायचं, सगळ्याला आपलं एकच, "ताई, तू सांग."

खुर्च्या बनवणाऱ्या मिस्त्रीच्या कारखान्यात दोन खुर्च्या काढून ठेवल्या होत्या. एक बुटकी, टणक, पाठीला जेमतेम आधार, सगळा जडपणा खाली बॅटऱ्यांत. दुसरी उंच, जाड गाद्यांची, बटण दाबलं की पाठ मागे जाणारी. थोरलीला पारखायला एक क्षण पुरला. खेळायची ती बुटकी. उंच खुर्ची फिरताना डोलते, मार अर्ध्यात मरतो. हे तिला आणि मिस्त्रीला ठाऊक होतं, धाकटीला नव्हतं.

मिस्त्री आणि त्याच्या बायकोने उचलून धाकटीला आधी बुटक्या खुर्चीत बसवलं. अंगणात चेंडू ठेवला. तिने एक गिरकी घेतली आणि चेंडू समोरच्या शटरवर असा आदळला की आतल्या माणसांनी कामं थांबवली. मिस्त्री हसला. थोरली हसली नाही. एवढा जोर तिच्या स्वतःच्या फिरकीत तिच्या ऐन भरातही कधी आला नव्हता, आणि हे तिला शटर वाजलं त्याच घडीला कळलं. आत काहीतरी भडकलं.

मग उंच खुर्ची. तीच गिरकी, पण चेंडू जेमतेम शटरपर्यंत घरंगळला. धाकटी ओशाळली. म्हणाली, माझंच चुकलं. आणि मग नेहमीचं, "ताई, तू सांग. कुठली घेऊ?"

थोरलीने तिच्याकडे न बघता सांगितलं, "ही उंच घे. तुझी पाठ दुखते ना? मार काय, सवयीने जमेल."

मिस्त्रीने भुवया वर केल्या. चेंडूसाठीच हवी आहे ना, असं त्याने हळूच विचारलंही. थोरलीने त्याच्याकडे असं काही बघितलं की तो बिचारा मुकाट्याने कागदावर लिहायला लागला. धाकटी मात्र घरी येईपर्यंत गादी किती मऊ आहे हेच सांगत होती, आणि थोरली खिडकीबाहेर बघत होती.

आठ दिवसांनी मिस्त्री मोजपट्टी घेऊन दारात उभा. थोरलीला वाटलं, धाकटीचं माप राहिलं असेल. पण तो वळला तिच्याकडे. आईने हसत हसत सगळं फोडलं. धाकटी म्हणे संस्थेच्या कार्यालयात जाऊन अडून बसली होती. मला सगळं ताईनेच शिकवलंय, तिला नसेल तर मलाही नको. शेवटी त्यांनी दुसरीही मंजूर केली.

"दोघींना सेम टू सेम," धाकटी म्हणाली. "ताईने पारखलेली."

मिस्त्री गुडघ्यावर बसून माप घेऊ लागला. कमर, मांडी, पोटरी. मग मान खाली ठेवूनच त्याने विचारलं, "तीच ना? उंच, मऊ?"

थोरलीच्या जिभेवर एक वाक्य अगदी तयार होतं. मला आपली ती बुटकीच द्या, मला पाठीचा त्रास नाही. घरच्यांना संशयही आला नसता. तिने तोंड उघडलंदेखील. धाकटी समोरच होती, अंगात ताईचा जुना स्वेटर, बाह्या दुमडलेल्या.

"ती खेळायची खुर्ची नाहीये," थोरली म्हणाली. "मला तेव्हाच माहीत होतं. तुझा मार बघितला आणि मी मुद्दाम खोटं सांगितलं."

आई ताट पुसत होती, ती थांबली. मिस्त्रीने मोजपट्टी गुंडाळली, पुन्हा उलगडली. धाकटीने बहिणीकडे नीट बघून घेतलं. मग पलंग आणि कपाट यांच्यामधल्या त्या वीतभर जागेत खुर्ची गर्रकन फिरवली, कुठे घासली नाही की टेकली नाही, आणि आतल्या खोलीत निघून गेली. काय सुरेख फिरली! लाजेने मान वर होत नव्हती, तरी तेवढ्यातही थोरलीच्या पोटात दुखलंच.

"मग दोन्ही बुटक्या लिहू?" मिस्त्रीने विचारलं.

थोरली हो म्हणणार, तोच आतून आवाज आला.

"तिची लिहा. माझी मी येऊन बघेन."

मिस्त्रीने एकच नाव लिहिलं. थोरली आतल्या दाराकडे बघत राहिली. धाकटी अजून एकदा "ताई, कुठली घेऊ?" असं विचारेल, असं तिला वाटत होतं. तिने विचारलं नाही.