जागरणाचा गुन्हा

नाही.

असं दिलीपने परस्पर लिहून टाकलं होतं. दिलीप म्हणजे वाशीचा एजंट, नर्सेसना कॅनडाला पाठवायचं काम करणारा. प्रश्न होता, तुम्हाला किंवा जोडीदाराला कुठल्याही कोर्टात शिक्षा झाली आहे का? अर्ज उज्वलाचा. नेरूळच्या एका हॉस्पिटलात ती थिएटर सिस्टर. नवरा विश्वजित पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर. त्याचं जाणं तिच्या अर्जावर. त्याची अडचण निघाली, तर तिचंही जाणं बोंबललं.

सही करता करता उज्वलाने सहज विचारलं, ते गणपतीतलं धरत नाहीत ना?

दिलीपने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

म्हणजे, हो.

सहा वर्षांपूर्वी, एक्क्याण्णवला, विश्वजितच्या मंडळाच्या मांडवात जागरण चाललं होतं. मूर्तीपाशी रात्रभर कुणीतरी जागं हवं, आणि जागं राहायचं तर पत्ते हवेत. पडद्यामागे तीन पत्ती रंगली होती, पैसे लावून. विश्वजित खेळत नव्हता, चहा ओतत होता. लग्नानंतर त्याने उज्वलाला हे कितीदा तरी सांगितलं होतं. पोलिसांनी किटलीवाल्यासकट सगळ्यांना उचललं.

सकाळी कोर्टाच्या दारात मंडळाचा वकील म्हणाला, नाही म्हणाल तर जामीन आला, तारखा आल्या, दिवस इथंच जाईल. कबूल करा, दंड भरा, सुटा. आणि मंडळाचा गणपती सात दिवसांचा. त्याच संध्याकाळी विसर्जन. मूर्ती उचलणारे सगळे तिथे कोर्टात, मांडवात नुसते म्हातारे नि बायका. पोरांनी ओळीने उभं राहून गुन्हा कबूल केला. विश्वजितही ओळीतच होता. एकट्याने बाहेर पडून चालतं होय? दुपारी ट्रकला केळीचे खांब बांधले, गुलाल उधळला, मिटलं.

दंड भरला की मिटलं, असंच सगळे धरून चालले होते. शिक्षा म्हणजे जेल. दंडाला कोण शिक्षा म्हणतं?

दिलीप म्हणाला, "नाही"च राहू द्या, सिस्टर, उगाच टेन्शन. उज्वलाला ते पटेना. पोलिसांचा दाखला लागणारच होता. त्यात निघालं, तर दंडाचं एक वेळ माफ करतील, लपवल्याचं करणार नाहीत. तिने नवा फॉर्म मागितला आणि "हो"वर खूण केली.

खुलासा.

त्याखाली चार रेघा मोकळ्या होत्या. उज्वलाने पहिलं वाक्य लिहिलं, माझे पती खेळत नव्हते, चहा देत होते.

सोसायटीतला सुगत बेलापूरच्या कोर्टात क्लार्क होता. त्याने वाचून मान हलवली. वहिनी, हे पाठवू नका. निकालाची नक्कल सोबत जाणार, तिच्यात गुन्हा कबूल. खाली तुम्ही म्हणताय, केलाच नाही. मग कोर्टात खोटं बोलला होता का, असं विचारतील.

विश्वजित बाजूलाच बसला होता. तो म्हणाला, "मग खरं मी कुठं बोलायचं?"

"कोर्टात जे बोललात, तेच आता तुमचं खरं, दादा."

खोडलेलं.

चहा देत होते.

त्याजागी उज्वलाने लिहिलं, माझे पती पैसे लावून खेळले, चूक झाली.

दिल्ली.

वकिलातीतला साहेब शांत होता, शेजारी हिंदी दुभाष्या. उज्वलाला त्याने हॉस्पिटलचं विचारलं, तिने इंग्रजीत नीट सांगितलं. मग तो विश्वजितकडे वळला. खेळलात का? खेळलो. पुन्हा कधी? कधीच नाही. एवढं दोघांनी घरी घोकलं होतं.

साहेबाने पुढचं विचारलं. जिंकलात की हरलात?

हे घोकलेलं नव्हतं. उज्वलाने टेबलाखाली पदराचं टोक घट्ट धरलं.

"हरलो," विश्वजित म्हणाला. "शेवटच्या डावाला गुलामाची जोडी होती. समोर राणीची निघाली."

दुभाष्याला सांगता सांगता हसू आलं, साहेबालाही आलं. त्याने फाइल मिटली आणि दोघांच्या मेडिकलचे कागद पुढे सरकवले. म्हणजे अर्ज पुढे गेला होता.

फाटकाबाहेर आल्यावर तिने विचारलं, "गुलामाची जोडी कुठून काढलीत?"

"मंडळातल्या शहाजीला आली होती. मागनं दिसली."

"चहा ओतताना?"

"हां."

ती थोडी चालली, मग थांबली. "अहो, खरं सांगा. तुम्ही पैसे लावले होतेत?"

विश्वजितने तिच्याकडे बघितलं. रागावला होता की दमला होता, तिला कळेना.

"आता कशाला इचारतीस?" तो म्हणाला. "तूच लिहून दिलंयस."

आणि त्याने रिक्षाला हात केला.