पचमढीत कळलेली गोष्ट

मुरलीधर देशकरांच्या घरातलं बोलणं कधी आटलं, हे हेमलताला नेमकं सांगता आलं नसतं. भांडण असं काही झालं नव्हतं. पासष्टच्या सप्टेंबरात लढाई पेटली, जबलपूरच्या दारूगोळा कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या, खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटले आणि त्या गडबडीत नवराबायकोतलं बोलणं कुठेतरी राहून गेलं ते राहूनच गेलं.

मुरलीधर चाचणी विभागात होता. कारखान्यात तयार झालेल्या तोफगोळ्यांतले थोडे निवडायचे आणि रानातल्या मैदानावर नेऊन उडवून बघायचे, हे त्या विभागाचं काम. एरवी दिवसाला दहा-बारा बार व्हायचे. लढाईत मात्र सकाळी सुरू झालेले बार दिवे लागेपर्यंत थांबत नसत. अधारतालच्या घरात फळीवरच्या ताटल्या थरथरायच्या. हेमलताला वाटायचं, या आवाजात दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला घरी आल्यावर शांतता हवी असणारच. म्हणून सुरुवातीला ती कमी बोलायला लागली. पुढे पुढे ती बोलली तरी तो गप्पच असायचा. कधी हसायचा, कधी मान हलवायचा, बहुतेकदा तेही नाही.

जानेवारीत वर्ध्याहून दादाचं पत्र आलं. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. मुरलीधर अंगणात तिच्याकडे पाठ करून सायकलची चेन साफ करत बसला होता. दारात उभी राहून ती म्हणाली, "दादाचं पत्र आलं. बाबांचं बरं नाही. चार दिवस जाऊन येऊ का मी?"

चेन फिरत राहिली. तिने पुन्हा विचारलं. तो उठला, हात पुसले, वळून म्हणाला, "चहा ठेवतेस?"

तिने पत्राची घडी केली आणि ते डब्यात ठेवून दिलं. तिसऱ्यांदा विचारायचं नाही, असं तिने त्याच क्षणी ठरवलं. अठरा दिवसांनी तार आली. वर्ध्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेराव्याच्या दिवशी माजघरात, दादा-वहिनींच्या देखत मुरलीधरने तिला विचारलं, "इतके दिवस आजारी होते म्हणतात. तू आधी काहून नाही आलीस?"

हेमलता उठून स्वयंपाकघरात गेली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली. ताट वाढलं आहे. दूधवाला येऊन गेला. बेबीची फी भरायची आहे. तेही समोर ताट ठेवताना किंवा हातात पैसे मागताना.

मे महिन्यात त्याला सुटी मिळाली. लढाई संपून आठ महिने झाले होते आणि साठलेली रजा आता घ्याच, असं वरून सांगणं आलं होतं. त्याने आपणच ठरवलं, पचमढीला जायचं. शेजारच्या बापूसाहेबांच्या ओळखीने दोन खोल्या मिळाल्या. त्यांची नऊ वर्षांची मुलगी बेबी आठ दिवस आधीपासून फ्रॉक घडी करत बसली. हेमलता हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिने शेव आणि गूळपापडी करून डबे भरले.

पिपरियाला गाडीतून उतरून ती तिघं बसने वर चढली, तेव्हा दुपार झाली होती. खाली जबलपुरात उन्हाने जीव नकोसा झाला होता आणि इथे सालईच्या झाडांतून गार वारा येत होता. खोल्यांपुढे ओटा होता, ओट्यापुढे उतार आणि पलीकडे निळसर डोंगर एकामागे एक. बेबी हरखून गेली. हेमलताने मात्र सामान लावलं, स्टोव्ह पेटवला आणि ओट्यावर येऊन बसली, तेव्हा तिला रडू फुटेल असं वाटलं. अधारतालला निदान भिंतीपलीकडे अनसूयाबाई होत्या. दळण टाकायला जाताना दोन बायका भेटत. इथे बोलायला कोणी नव्हतं, आणि एवढी जागा होती, एवढं मोकळं आभाळ, की आपण गप्प आहोत हे लपतसुद्धा नव्हतं. मुरलीधर झाडाखाली बाजेवर पडून आभाळ बघत होता. चेहरा समाधानी. तिला त्या समाधानाचाच राग आला.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी ती तिघं डबा घेऊन ओढ्यावर गेली. खडकांमधून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. हेमलता वरच्या सपाट दगडावर डबा उघडून बसली. खाली मुरलीधर पाण्याकाठाने पुढे चालला होता आणि त्याच्या मागे दहा-बारा पावलांवर बेबी दगडांवरून उड्या मारत जात होती.

एकाएकी बेबी खाली बसली. तिचा पाय दोन दगडांच्या फटीत गेला होता. "बाबा," ती ओरडली. मुरलीधर चालत राहिला. "बाबा, माझा पाय अडकला." तो थांबला, पण मागे बघायला नव्हे. समोरच्या झाडावरचं काहीतरी बघायला. हेमलताला वरून दोघंही दिसत होती. पोर रडवेली होऊन हाक मारून राहिली आहे आणि हा माणूस झाड बघत उभा आहे. हातातली पोळी टाकून ती उठली. मनात म्हणाली, आता पोरीलाही उत्तर देणार नाही का हा.

तेवढ्यात बेबीने हाक मारणं थांबवलं. तिने पाण्यातला एक खडा उचलला आणि नेम धरून बापाच्या खांद्यावरून पुढे फेकला. खडा त्याच्या समोर पाण्यात पडला. पाणी उडालेलं दिसताच मुरलीधर गर्रकन वळला, पोरीला बघितलं आणि चपलांसकट पाण्यातून धावत आला. "काय झालं, बेबी? दुखून राहिलं का?" गुडघे टेकून त्याने दगड हलवला, पाय सोडवला, तिला उचलून छातीशी धरलं.

हेमलता जिथे होती तिथेच उभी राहिली. राग सगळा जागच्या जागी थिजला. पोरीने हे पहिल्यांदा केलं नव्हतं. तिच्या हाताला सवय होती.

दुपारी पायाला हळद लावताना तिने विचारलं, "तू खडा काहून मारला गं?"

"बाबांना ऐकू नाही ना येत," बेबी म्हणाली. "डाव्या कानाने तर बिलकुल नाही. उजव्याने थोडं येते. मी समोर जाऊन बोलते, नाहीतर पुढे खडा टाकते. आज पाय अडकला होता."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. मी फुलबाजी मागत होते, तेव्हा समजलं."

"मग मला नाही सांगितलं?"

बेबीने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "मला वाटलं, तुला माहीत आहे. म्हणून तू त्यांच्याशी बोलत नाहीस."

हेमलताने हळदीची वाटी उचलली आणि आत गेली. सहा महिने नऊ वर्षांची पोर जे जाणून होती, ते तिला ठाऊक नव्हतं. एकाच घरात राहणाऱ्या माणसाचं.

संध्याकाळी मुरलीधर ओट्याच्या पायरीवर डोंगराकडे तोंड करून बसला होता. बेबी घरमालकाच्या मुलींबरोबर खेळायला गेली होती. हेमलता त्याच्या मागे येऊन उभी राहिली. "अहो," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "अहो, दूध उतू गेलं." तो हलला नाही. कानामागचे केस पांढरे झालेले तिला दिसले. एवढ्या जवळून तिने कित्येक महिन्यांत त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

आणि मग तिच्या तोंडून ते सगळं बाहेर पडलं. त्याच्या पाठीलाच ती सांगत गेली. पत्र आलं होतं. दोनदा विचारलं होतं. तुम्ही चहा मागितला. बाबा अठरा दिवस अंथरुणावर होते, दादा म्हणतो शेवटी माझं नाव घेत होते. आणि वरून तुम्हीच मला विचारलंत, आधी काहून नाही आलीस. बोलता बोलता तिला रडू फुटलं. डोंगरावरचं ऊन ओसरत होतं आणि मुरलीधर एका पायाने संथपणे माती उकरत होता. त्याच्यापर्यंत एक अक्षर पोचलं नव्हतं. बोलून तिला मोकळं वाटायला हवं होतं. उलट लाज वाटली. न ऐकणाऱ्याला बोल लावणं सोपं होतं. इतके महिने ती दुसरं काय करत होती?

ती पुढे आली आणि त्याच्या समोर, खालच्या पायरीवर बसली. त्याने दचकून पाहिलं. "तू रडून राहिली का?"

"तुम्हाला ऐकू येत नाही," ती सावकाश म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. तो म्हणाला, "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी पाहिलं."

मग तो बोलला, अडखळत, तिच्या ओठांकडे बघत. लढाईत एका दिवशी कानातला कापूस पडला होता आणि बार झाला. तेव्हापासून डाव्या कानात शिट्टी वाजते, ती थांबतच नाही. वाटलं होतं, जाईल आपोआप. विभागात पुंडलिक नावाचा माणूस होता, त्याला सगळे बहिरा म्हणून मागून तोंडं वेडावत. "समोर हसत, मागे नकला. मी पण हसलो आहे एक-दोनदा. मग कोणत्या तोंडाने सांगू?"

"बाहेर नका सांगू. घरी सांगायला काय झालं होतं?"

"घरी तूच बोलायचं सोडलं," तो म्हणाला. "मला वाटलं, माझा कंटाळा आला असेल हिला. म्हटलं, डोंगरात घेऊन जाऊ. बोलेल."

तो दोषही देत नव्हता, जे वाटलं ते सांगत होता. तिने त्याचा हात धरला आणि आता, समोर बसून, एकेक शब्द सुटा करत पत्राची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी ती रडली नाही. चेन, चहा, डब्यात ठेवलेली घडी. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"दोनदा विचारलं?" शेवटी तो म्हणाला.

"दोनदा."

"पत्र हातात द्यायचं होतं, हेमा."

"हौ," ती म्हणाली. "द्यायला हवं होतं."

त्याने मान खाली घातली. क्षमा वगैरे कोणी मागितली नाही. बेबी लंगडत परत आली, तेव्हा दोघं अंधारत चाललेल्या पायरीवर तशीच बसली होती.

राहिलेले दिवस बरे गेले. हेमलता त्याच्या उजव्या हाताला चालायला शिकली. बोलायच्या आधी दंडाला हात लावायला शिकली. बेबी तिला चुका सांगे. "आई, तू खाली बघून बोलून राहिली."

जबलपूरला परतल्यावर मुरलीधर आपणहून डॉक्टरकडे गेला. डावा कान गेला, उजवा सांभाळा, असं त्यांनी लिहून दिलं. त्याची बदली भांडारात झाली. तिथे दिवसभर खोकी आणि शांतता. विभागातल्या लोकांनी नकला केल्या की नाही, ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. घरी तो थोडं जास्त बोलू लागला, तीही. पण कढईत फोडणी घालताना पाठमोरं काही बोलण्याची तिची जुनी सवय होती आणि तसल्या गोष्टी आता तिच्या तिच्यापाशीच राहू लागल्या. प्रत्येक वेळी हात धुऊन, पदर सावरून, समोर जाऊन सांगण्याएवढ्या त्या मोठ्या नसत.

एक गोष्ट मात्र तिने कोणालाच सांगितली नाही, अनसूयाबाईंनाही नाही. वडील गेल्यापासून ती मुरलीधरवर रागावत आली होती आणि त्या रागाने तिला चार महिने उभं धरलं होतं. सकाळी उठायला तो पुरायचा, रात्री झोपायलाही. पचमढीच्या त्या पायरीवर तो राग गेला. नवऱ्याचा काही दोष नव्हता. मग दुपारी घर रिकामं झालं, मैदानावरचे बार सुरू झाले, ताटल्या थरथरल्या, की तिला वडिलांची आठवण यायची. आता त्या आठवणीत दुसरं कोणीच नसायचं. आजारी म्हातारा, आणि वर्ध्याला न गेलेली ती.

मग ती उठायची आणि निवडायला तांदूळ घेऊन बसायची.