याया कुठल्या चित्रात आहे?

फोटो काढता न येणारा कॅमेरा तुम्ही कधी हातात घेतला असेल, तर तो माझ्याच जातीचा. मी निळ्या प्लॅस्टिकचा, मुठीएवढा, गळ्यात अडकवायची दोरी असलेला. माझ्या भोकाला डोळा लावायचा, उजेडाकडे तोंड करायचं आणि बाजूचं बटण दाबायचं. खट्! चित्र बदलतं. माझ्या पोटात चित्रांची एक चकती आहे. तेवढंच माझं ज्ञान, आणि त्याचाही मला फार भरवसा नाही.

चित्रं आहेत दुमागेतेची. फिलिपिन्समधलं हे समुद्रकाठचं शहर. जुना दगडी घंटा-मनोरा, शेजारचं चर्च, किनाऱ्याने जाणारा मोठ्या झाडांचा रस्ता, धक्क्याला लागलेली बोट, बाजारात चिकट भात आणि गरम चॉकलेट घेऊन बसलेली माणसं. प्रवासी मला हौसेने विकत घेतात आणि घरी जाऊन विसरतात.

मला घेतलं रोवेनाने. ती प्रवासी नव्हती, तिथलीच. दुबईत नोकरीला आणि रजेवर घरी आलेली. परत जाताना कामाच्या घरी काहीतरी न्यायचंच, ही त्यांच्याकडची रीत. रिकाम्या हाताने दारात उभं राहणं म्हणजे 'तुमची आठवण आली नाही' असं तोंडावर सांगणं. निघताना तिच्या मुलीने, जेसाने, मला डोळ्याला लावलं आणि म्हणाली, "यात काय आहे? हे तर मी रोज बघते." मला जरा लागलं. पण खोटं नव्हतं.

असा मी दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या एका फ्लॅटमध्ये, चार वर्षांच्या ईराच्या गळ्यात आलो. तिची आई शर्वाणी एका कार्गो कंपनीत. बाबा सिद्धार्थ लांब अबू धाबीकडे, मुसफ्फाच्या वर्कशॉपवर, घरी येईपर्यंत निम्मा झालेला. दिवसभर ईरा आणि रोवेना. ईरा तिला 'याया' म्हणायची. तिकडे मुलं सांभाळणाऱ्या बाईला तसंच म्हणतात.

शर्वाणी चांगली आई होती, पण हे तिला कुणालाच पटवता आलं नव्हतं. ऑफिसातून सारखे फोन. "खाल्लं का? किती खाल्लं? वाटीचा फोटो पाठव." हॉलमध्ये तिने खरा कॅमेरा लावला होता, मोबाईलवर घर दाखवणारा. तो माझा भाऊबंदच, पण आमचं बोलणं नव्हतं. तो फक्त बघायचा, मी फक्त दाखवायचो.

जेवणं झाली की दोघी सहलीला निघायच्या. ईराच्या पायात बूट, पाठीला सॅक, सॅकमध्ये पाणी आणि बिस्किटं. सोफा म्हणजे तीनचाकी रिक्षा. खट्, मनोरा! "पूर्वी समुद्रातून लुटारू यायचे, माणसं पळवायचे," रोवेना सांगायची. "ते दिसले की ही घंटा वाजायची." ईरा टेबलाखाली. पॅसेज म्हणजे किनाऱ्याचा रस्ता, बाथरूमचं दार म्हणजे धक्का. आईस्क्रीम कुठे चांगलं मिळतं, जेसाचा गुडघा कुठे फुटला, हे माझ्या चकतीवर नव्हतंच. ते रोवेना घालायची. तिच्यामुळे माझं शहर मोठं झालं.

एका गुरुवारी शर्वाणीने ऑफिसात मोबाईल उघडला. पुढचं मला तिच्याच तोंडून कळलं. स्क्रीनवर ईरा बूट घालून उभी. रोवेना म्हणते, "चल, बोट सुटेल. पासपोर्ट घेतला?"

"येस याया! मम्मा इज नॉट कमिंग. ओन्ली यू अँड मी!"

शर्वाणी खुर्चीतून उठलीच. कुणीही उठलं असतं. पण एखादीने रोवेनाला फोन केला असता. शर्वाणीला मात्र घाबरायचं तरी आधी कुणाला तरी विचारावं लागायचं. तिने तो व्हिडिओ बिल्डिंगमधल्या मुलांच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'इज धिस नॉर्मल? की मीच वेडी आहे?'

टॅक्सी करून ती घरी पोचली, तेव्हा ईरा बुटांसकट सोफ्यावर झोपलेली आणि रोवेना इस्त्री करत होती. शर्वाणीने ईराच्या मुठीतून मला काढलं आणि पहिल्यांदाच डोळ्याला लावलं. खट्. मनोरा. खट्. धक्का, बोट. सुटणारी बोट ती हीच, हे तिला कळलं.

"अगं, पासपोर्ट म्हणजे ते पत्त्यातलं पान आहे! बदामची राणी!" सिद्धार्थ संध्याकाळी म्हणाला.

"आता माहितीये रे."

"मग डिलीट कर ना."

"केलं. पण सगळ्यांचं बघून झालंय. 'सॉरी, गेम होता' असंही लिहिलं. त्यावर फक्त एक थम्सअप आला."

दुसऱ्या दिवशी मी ईराच्या गळ्यात, बागेत. आम्ही घसरगुंडीपाशी गेलो आणि बाकावरच्या, त्याच ग्रुपमधल्या दोन आयांनी आपापली मुलं उचलली. मग दुसऱ्या एका घरच्या यायाने रोवेनाला त्यांच्या भाषेत त्या व्हिडिओबद्दल हळूच सांगितलं. रोवेना माझी दोरी नीट करत होती. तिने ती सोडली आणि ईराला घराकडे वळवलं.

"मॅम, मी जाते," ती घरी येऊन म्हणाली.

"रोवेना, माझं चुकलं. मी सगळ्यांना परत सांगते ना!"

"तुम्ही घाबरलात, मॅम. मला समजतं. मी पण आई आहे. माझ्याकडे तर जेसाला बघायला कॅमेरापण नाही. पण आता ईरा रस्त्यात नुसती रडली, तरी लोक माझ्याकडे बघणार. मी तिचा हात कसा धरू?"

रोवेना बॅग भरायला लागली, दुमागेतेला परत जायला.

ईराला सांगितलं, याया सुट्टीवर चाललीये. जायच्या दिवशी रोवेनाने दारात चपला घातल्या, तशी ईरा सॅक घेऊन धावत आली. बूट उलट्या पायांत. "वेट, याया! बोट!" रोवेना खाली वाकली, बूट काढून सरळ घातले, बंद लावले. त्याला फार वेळ लागला. मग दार बंद झालं.

आता ईरा मला एकाच चित्रावर ठेवते. किनाऱ्याच्या रस्त्यावर, खूप लांब, बाकावर एक पिवळा ठिपका आहे. कुणीतरी बसलेलं. ती याया, असं तिने ठरवून टाकलंय. ठिपक्याला ती रोज सांगते, नर्सरीत काय झालं, डब्यात काय होतं. उजेडाकडे धरल्याशिवाय मला दाखवता येत नाही, आणि त्याच उजेडाने चित्र विटत चाललंय. पिवळा आता जेमतेम पिवळा आहे.

शर्वाणी, तू मोबाईलवर रोवेनाचं नाव उघडतेस, 'हाय' लिहितेस आणि पुसतेस. "कुठल्या तोंडाने?" असं स्वतःलाच विचारतेस. ग्रुपवर टाकताना एवढा विचार केला नव्हतास. मी शहर दाखवतो गं, त्यातलं माणूस देणं मला जमत नाही. जेसाच्या शेजारी ती बसली असेल. रागावली असेल तर रागवू दे, पण ईराला तिचा चेहरा दिसू दे. मग मला खुशाल ड्रॉवरमध्ये टाक.

काल ईराने ठिपक्याला विचारलं, "याया, आर यू अँग्री विथ मी?" मग डोळा काढून तिने माझ्या भोकाला कान लावला.

फोन लाव, शर्वाणी.