पाठ नसलेला शर्ट

बाबांची एकच अट होती. "एकदा जरी वाट चुकलीस, तर विमानाचं नाव काढायचं नाही."

मी तेव्हा चोवीस वर्षांची, शाळेत शिकवणारी. पण नेब्रास्कातल्या आमच्या शेतावर बाबांची अट म्हणजे अट. धावपट्टीवर जायला ट्रकही त्यांचाच. विमानं पडतात ती वाट चुकूनच, असं त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

त्या मे महिन्यात मी पहिल्यांदाच एकटी विमान घेऊन लांबच्या गावाला निघाले होते. ऑर्डेलला उतरायचं आणि परत यायचं. ते जमलं की शिकवणारे लॉयड मला परवान्याच्या परीक्षेला बसू देणार होते.

काय सकाळ होती ती! मका नुकता वर आला होता. सगळी जमीन कुणीतरी विंचरून ठेवल्यासारखी दिसत होती. माझ्या विमानाची सावली तळी, कुंपणं, गाई ओलांडत पुढे पळत होती, आणि मी मोठमोठ्यानं गात होते. ऐकायला कोण होतं?

आमच्याकडे सगळेच खालचे रेल्वेचे रूळ बघत उडायचे. मीही तेच केलं. एके ठिकाणी रुळांना फाटा फुटला, मी डावीकडच्या रुळांवरून गेले. पुढे गाव आलं, धान्याचा उंच कोठा आला, पाण्याची टाकी आली. टाकीवर गावाचं नाव असतं, ते वाचून खात्री करायची. या टाकीला मात्र नुसता चंदेरी रंग, अक्षर एकही नाही. ऑर्डेलच असणार, म्हणून मी गवताच्या पट्टीवर उतरले. इतकी अलगद, की मीच मला शाबासकी दिली.

पट्टीच्या कडेला दुसरं एक विमान उभं होतं. एक तरुण कात्री हातात घेऊन हसत होता. त्याच्यापुढे एक थोराड माणूस पाठमोरा उभा. त्याच्या चौकटीच्या शर्टाला पाठच नव्हती. पँटच्या खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यांमधून गोरी, उन्हानं कधी न पाहिलेली पाठ उघडी पडली होती.

आम्हा उडणाऱ्यांत याचा अर्थ एकच. माणूस पहिल्यांदा एकटा उडून खाली आला की शिकवणारा त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापून भिंतीवर लावतो. माझाही लॉयडनी कापला होता. म्हणून मी टाळ्या वाजवत पुढे गेले.

तो माणूस वळला.

माझी टाळी अर्ध्यावरच थांबली.

"बाबा?"

"तू इथे कशी?"

"मी? तुम्ही गुरांच्या बाजारात होतात ना!"

"आणि तू ऑर्डेलला."

"हे ऑर्डेलच आहे!"

कात्रीवाला खोकला. "नाही हो बाई. हे विल्मर. ऑर्डेल तिकडे, पूर्वेला. टाकी आत्ताच रंगवलीय, नाव टाकायचं राहिलंय." आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, "मी जरा तेल तपासतो," आणि निघून गेला.

"म्हणजे चुकलीस," बाबा म्हणाले.

"चुकले." सगळं संपलं हे कळत होतं, पण डोळे त्यांच्या शर्टावरून हटत नव्हते. थंडीपासून दर गुरुवारी हा माणूस बाजाराला जायचा आणि एक वासरूही आणायचा नाही. "तुमचं बघून बघूनच पोट भरतं," असं आई चिडवायची.

"चोपन्न वर्षांचे आहात तुम्ही! शिडीवर चढताना मला धरायला लावता!"

"शिडी हलते."

"बाबा!"

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तू पहिल्यांदा एकटी वर गेलीस ना, तेव्हा मी गोठ्यामागून बघत होतो. तू ठिपका झालीस. मग ठिपकाही दिसेना. मी हो म्हटलं होतं खरं, पण कशाला हो म्हटलं तेच मला ठाऊक नव्हतं. वर माणसाचं काय होतं ते बघायचं होतं."

"मग? काय झालं?"

"ओरडलो," ते हळूच म्हणाले. "एकटाच. पोरासारखा."

बाबांना मी कधी चर्चमध्येसुद्धा गाताना ऐकलं नव्हतं. मग धीर करून मी विचारलं, "आणि अट?"

त्यांनी त्या कोऱ्या टाकीकडे बघितलं. "गेल्या महिन्यात या पोराला म्हटलं, चल, माझं शेत वरून दाखवतो. तेल संपत आलं तरी फिरत होतो. सापडलंच नाही. बत्तीस वर्षं नांगरतोय मी ते, मिला." त्यांनी माझ्या विमानाकडे मान हलवली. "जा. लॉयडला मात्र खरं सांग. आणि पुढच्या वेळी त्या फाट्याला उजवीकडे वळ."

"आईला काय सांगायचं? तिनं शिवलाय हा शर्ट."

एकट्यानं उडून आलेल्या त्या माणसाचा चेहरा पहिल्यांदाच उतरला.

मी लॉयडना खरं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला आणि मला पुन्हा ऑर्डेलला पाठवलं. बाबा त्या संध्याकाळी चर्चचा काळा कोट घालून जेवायला बसले. घाम गळत होता. आईनं वाडग्यात सूप वाढलं आणि म्हणाली, "एमिल, कोट काढ."

तो शर्ट तिनं टाकला नाही. झगझगीत नारिंगी कापडाची नवी पाठ लावली. मागच्या खळ्यावरूनसुद्धा डोळ्यांत भरायचा. दोन दिवस तिनं बाबांशी बोलणं टाकलं होतं, आणि शर्ट हातात देताना एवढंच म्हणाली, "बाजारात हरवणार नाहीस आता."

सप्टेंबरात मला परवाना मिळाला. पहिले प्रवासी अर्थात बाबा. सगळी शेतं एकसारखी, सगळे गोठे लाल. ते काचेला नाक लावून शोधत होते, आणि मी संथ घिरट्या घालत होते. मग एकाएकी त्यांनी माझा दंड एवढा घट्ट धरला की विमान डोललं.

खाली, आईच्या दोरीवर, नारिंगी ठिपका फडफडत होता.

बाबा ओरडले.