जुनं पॅकिंग

दादाचा ट्रक गॅरेजमधून निघून दीड तास झाला होता, तेव्हा टेबल आवरताना ते मला सापडलं. तळहाताएवढं, काळं, जाड, जुनं पॅकिंग. त्याच्या कडेला मेणाचा डाग होता. तो डाग पाहिला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

नीट सांगतो, नाहीतर भीती कशाची ते कळायचं नाही. माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ट्रक जुनाट, ब्रेकचं पेडल दगडासारखं. गाडी भरलेली असली की ते दाबायला त्याला सीटवरून अर्धवट उठावं लागे. डॉक्टर म्हणाले, ट्रक विका. वहिनी म्हणाली, ट्रक विकला तर हा माणूस घरात बसून मलाच विकायला काढेल. मग मी छाती पुढे काढली आणि म्हणालो, मोठा बूस्टर बसवून देतो. बूस्टर म्हणजे पेडलच्या पुढचा गोल डबा. इंजिन त्यातली हवा ओढतं आणि पायाचा जोर कैक पटीने वाढतो. नव्या बूस्टरने पेडल करंगळीने दाबता येईल, असंही मी सांगून टाकलं. मला कमी बोलता येत नाही.

या बूस्टरमधून एक दांडा निघतो आणि पुढच्या मास्टर सिलिंडरला, म्हणजे चाकांकडे ब्रेकचं तेल दाबणाऱ्या नळकांड्याला, ढकलतो. पाय काढल्यावर दांडा आणि सिलिंडरमध्ये बारीकशी फट राहिलीच पाहिजे. ती नसली तर ब्रेक पुरते सुटत नाहीत. गावातल्या सपाट रस्त्यावर कुणाच्या लक्षात येत नाही, उलट पेडल झकास वाटतं. पण चाकं तापत जातात, ब्रेकचं तेल उकळतं, आणि उतारावर एकदाच पेडल थेट तळाला जातं. ही फट मोजायची माझ्या उस्तादांची रीत अशी: दांड्याच्या टोकाला मऊ मेणाची गोळी लावायची, सिलिंडर बसवून आवळायचा, पुन्हा काढायचा, आणि चेपलेलं मेण मोजायचं. मी मोजलं होतं. बरोबर एक मिलिमीटर. पण मोजलं ते बूस्टर आणि सिलिंडरच्या मध्ये हे जाड पॅकिंग घालून. शेवटी बसवताना मात्र खोक्यातलं नवंकोरं, कागदासारखं पातळ पॅकिंग लावलं, कारण नव्या कामाला जुनी वस्तू लावणं मला कमीपणाचं वाटतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो मी.

जुनं पॅकिंग जाडी मोजायच्या कॅलिपरमध्ये धरलं. नव्यापेक्षा दीड मिलिमीटर जाड. म्हणजे फट उरलीच नव्हती.

दादाला फोन लावला, वहिनीला लावला. ऑपरेशन झाल्यापासून ती त्याच्या शेजारी बसून जाते. दोघांचेही फोन लागेनात. घाटाच्या अलीकडेच रेंज जाते.

भीतीला आणखी एक कारण होतं. दादाची एक सवय आहे, आमच्या वडिलांनी लावलेली. घाटमाथ्यावर गाडी थांबवून उतरायचं आणि प्रत्येक चाकाला पालथा हात लावून ऊब बघायची. एखादं चाक तापलेलं असेल तर तिथेच कळतं. आज निघताना मी हसत म्हणालो होतो, "आता माथ्यावर चाकं कुरवाळत बसू नकोस. गुडघा सांभाळ. ब्रेक माझ्या हातचे आहेत." दादाने जन्मात माझं ऐकलेलं नाही. मोटरसायकलला किक मारताना मी मनात म्हणत होतो, आजही ऐकू नकोस रे बाबा.

जुनं पॅकिंग, ब्रेकच्या तेलाची बाटली आणि नट खोलायचे पाने पिशवीत टाकून मी सुटलो. भरल्या ट्रकला माथा सव्वादोन तासांवर, मला एक तास लागणार होता. हिशोब कसाही मांडला तरी मी उशिराच पोचत होतो. समोरून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरचं तोंड मी बघत होतो, कारण अपघात पाहून आलेल्या माणसाचं तोंड लपत नाही. एका ट्रकवाल्याने माझ्याकडे बघून हात हलवला आणि मी गचकन थांबलो. माझ्या गाडीचा स्टँड खाली राहिला होता, तेवढंच तो सांगत होता.

माथ्यावर दादाचा ट्रक नव्हता. चहावाला म्हणाला, नेहमी थांबतात, आज हॉर्न देऊन सरळ गेले.

पहिल्या वळणावर वास आला. जळक्या ब्रेकचा वास मी तीस वर्षं ओळखतो. दुसऱ्या वळणावर डोंगराच्या अंगाचा कातळ खरवडलेला होता. मी वेग कमी केला. खरं सांगतो, तिसरं वळण मला घ्यायचंच नव्हतं.

ट्रक तिथे होता. डाव्या अंगाने डोंगराला घासून उभा, पुढच्या चाकातून धूर. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला दरी. वहिनी चाकाखाली दगड लावत होती. गाडी थांबवताना हँडब्रेक तिने दोन्ही हातांनी ओढून धरला होता, दादाने गाडी पहिल्या गिअरमध्ये कोंबून डोंगराला लावली होती. दोघं जिवंत होती. मी रस्त्यातच खाली बसलो.

दादा पायरीवर बसून गुडघा चोळत होता. मी कसा आलो हेही त्याने विचारलं नाही. किल्ली माझ्यापुढे धरली.

"माझा पाय गेला रे," तो म्हणाला. "दाबत होतो, पण जोरच लागेना. ही शेजारी बसलेली. आता ट्रक विकून टाक."

मी किल्ली घेतली. इथे थांबून खरं बोलायला हवं. ती किल्ली खिशात टाकली असती तर कुणाला काहीच कळलं नसतं. म्हातारा पाय, अवघड घाट, आणि माझं नाव शाबूत. रस्ताभर दरीची भीती वाटली होती, पण आता दादाच्या तोंडाकडे बघायची जी भीती वाटली, ती त्याहून वाईट होती. तो माझ्याकडे बघतही नव्हता, गुडघ्याकडे बघत होता, लाज वाटल्यासारखा.

मी पिशवीतून पॅकिंग काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"पाय नाही गेला, दादा. फट हे घालून मोजली आणि बसवताना मी पातळ लावलं. तू कितीही दाबलं असतंस तरी काही झालं नसतं."

त्याने ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, मेणाच्या डागावर अंगठा फिरवला. मला वाटलं, मुस्काटात बसेल. बसली असती तर बरं वाटलं असतं.

"तू सांगितलंस म्हणून माथ्यावर उतरलो नाही," एवढंच तो म्हणाला. मग पॅकिंग माझ्या हातात दिलं. "बसव."

चाकं गार व्हायला दोन तास गेले. पिशवीत मेण नव्हतं, तर वहिनीने ओठांना लावायचं मलम पुढे केलं. त्यावर मी फट तीनदा मोजली. तेल बदललं, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. दादाने पेडल दाबून पाहिलं, मग खाली उतरला आणि लंगडत सगळ्या चाकांना पालथा हात लावून आला. मी जागचा हललो नाही.

किल्ली मी त्याला परत दिली. तेवढ्यात वहिनीने माझ्या मोटरसायकलची किल्ली मागितली.

"भावजी, खालपर्यंत तुम्ही माझ्या जागेवर बसा," ती म्हणाली. "ब्रेक तुमच्या हातचे आहेत ना."

मी वर चढलो, दार लावलं आणि हँडब्रेकवर हात ठेवला.